दक्षिण इटली व सिसिलीची ग्रीक नाणी : संग्राहकाने काय पाहावे?

प्राचीन ग्रीक नाण्यांचा संग्रह करू इच्छिणारा मनुष्य बहुधा प्रथम अथेन्सच्या घुबडाकडे किंवा अलेक्झांडरच्या मुद्रेकडे वळतो. परंतु नाणे पाडण्याची ग्रीक कला जेथे परमोत्कर्षाला पोहोचली, तो प्रदेश ग्रीसमध्ये नाही. तो इटलीच्या दक्षिण किनाऱ्यावर आणि त्यालगतच्या सिसिली बेटावर आहे. इ. स. पू. आठव्या शतकापासून ग्रीक वसाहतकारांची जहाजे या किनाऱ्यांना लागू लागली. नेपल्सच्या उपसागरातील इस्किया बेटावर त्यांची एक अगदी आरंभीची वस्ती होती. परंपरेनुसार सिराक्यूजची स्थापना इ. स. पू. ७३३ च्या सुमारास आणि तारासची, म्हणजे आजच्या तारांतोची, इ. स. पू. ७०६ च्या सुमारास झाली. दक्षिण इटलीतील या ग्रीक नगरांच्या प्रदेशाला लॅटिन भाषेत 'मॅग्ना ग्रीशिया', म्हणजे 'महाग्रीस', असे नाव मिळाले.

या नगरांपैकी कित्येकांचे इतिहासग्रंथ उरले नाहीत. काहींच्या भिंतीही उरल्या नाहीत. त्यांची नाणी मात्र उरली. म्हणून ही नाणी गोळा करणाऱ्याच्या हाती केवळ चांदीचा सुंदर तुकडा येत नाही, तर एक दस्तऐवज येतो. तो कसा वाचावा आणि कशामुळे वाचता येईनासा होतो, याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे.

इटलीची खोलगट नाणी

इ. स. पू. सहाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिबारिस, मेटापॉन्टम, क्रोटॉन, कौलोनिया, पोसिडोनिया इत्यादी नगरांनी जी नाणी पाडली, त्यांसारखी नाणी अन्यत्र क्वचितच आढळतात. नाण्याच्या दर्शनी बाजूवर एखादे चित्र उठावात असते. नाणे उलटून पाहिले, की तेच चित्र मागील बाजूवर खोलगट दिसते. सिबारिसचा मागे वळून पाहणारा बैल, मेटापॉन्टमचे सातूचे कणीस, क्रोटॉनची तिवई ही त्यांची प्रसिद्ध उदाहरणे होत. असे नाणे पाडण्यासाठी खालच्या ठशात चित्र खोदावे लागे आणि वरच्या ठशावर तेच चित्र उठावाने कोरावे लागे. शिवाय दोन्ही ठसे एकमेकांशी नेमके जुळवून मगच हातोड्याचा घाव घालावा लागे. आरंभीच्या चकत्या सुमारे तीन सेंटिमीटर रुंद आणि पातळ असत. पुढे त्या लहान व जाड होत गेल्या.

ही रीत का स्वीकारली गेली? क्रोटॉनमध्ये येऊन राहिलेल्या पायथागोरसने ती सुचवली असावी, असे मत एकोणिसाव्या शतकात ड्यूक द ल्यून या फ्रेंच विद्वानाने मांडले. हा स्वतः थोर संग्राहक होता. त्याचा संग्रह १८६२ साली पॅरिसच्या राष्ट्रीय संग्रहाला मिळाला. पायथागोरसचा पिता रत्नांवर कोरीव काम करणारा होता, अशी परंपरा असल्याने ही कल्पना मोहक वाटते. परंतु पायथागोरस इ. स. पू. ५३० च्या सुमारास क्रोटॉनला आला आणि ही नाणी बहुधा त्याआधीच सुरू झाली होती. म्हणून आज बहुतेक अभ्यासक हे मत मान्य करीत नाहीत.

या नाण्यांच्या कालगणनेत एक पक्का खुंटा आहे. इ. स. पू. ५१० मध्ये क्रोटॉनने सिबारिसचा विध्वंस केला. अर्थात सिबारिसची जी खोलगट नाणी आज आपण पाहतो, ती या वर्षापूर्वीची मानावी लागतात आणि त्यांच्यासमवेत पुरलेल्या इतर नगरांच्या नाण्यांच्या काळावरही त्यामुळे प्रकाश पडतो. दुसरा पुरावा मेटापॉन्टमकडून मिळतो. तेथील काही नाण्यांवर कणसाखाली जुन्या चित्राच्या अंधुक खुणा दिसतात. कॉरिंथचा पंखवाला घोडा किंवा सिसिलीतील एखाद्या नगराचे चिन्ह तेथे ओळखता येते. याचा अर्थ असा, की परदेशी नाणे न वितळवता त्यावरच नवा ठसा मारला गेला. व्यापाराच्या वाटेने आलेली चांदी आणि दोन नगरांच्या नाण्यांतील आधी-नंतरचा क्रम, या दोन्ही गोष्टी त्या एकाच तुकड्यावरून कळतात. नवशिक्या संग्राहक अशा नाण्याला 'खराब' समजून बाजूला सारतो. जाणता संग्राहक भिंग घेऊन बसतो.

सिसिलीची बोलकी चिन्हे

समुद्रधुनी ओलांडून सिसिलीत आले, की चित्रांची संपत्ती अधिकच वाढते. काही नगरांनी आपल्या नावाचेच चित्र केले. सेलिनसच्या नाण्यांवर अजमोद्याच्या जातीच्या 'सेलिनॉन' या रानवनस्पतीचे पान आहे. झांक्लेचे बंदर विळ्याच्या आकाराचे होते आणि स्थानिक भाषेत त्या नावाचा अर्थही विळा असाच होता. म्हणून तेथील नाण्यांवर विळ्याच्या कमानीत एक डॉल्फिन पोहताना दिसतो. लेओन्टिनॉयने सिंहाचे मुख निवडले. आक्रागासच्या नाण्यांवर एका बाजूस गरुड आणि दुसऱ्या बाजूस खेकडा आहे. सिसिलीच्या उत्तरेच्या लिपारा या छोट्या ज्वालामुखी बेटाने आपल्या ब्राँझच्या नाण्यांवर अग्नी आणि लोहारकाम यांचा देव हेफेस्टस याला स्थान दिले.

या सर्वांत सिराक्यूजचा मान पहिला. तेथील चार द्राख्मांचे नाणे सुमारे १७ ग्रॅम वजनाचे असून त्याच्या एका बाजूस चार घोड्यांचा रथ, तर दुसऱ्या बाजूस डॉल्फिनांनी वेढलेले अरेथुसा या जलदेवतेचे मुख असते. इ. स. पू. पाचव्या शतकाच्या अखेरीस तेथील ठसेकार आपल्या कामावर नाव घालू लागले. किमोन आणि युऐनेटॉस ही त्यांतील सर्वांत प्रसिद्ध नावे. त्यांनी कोरलेली दहा द्राख्मांची नाणी सुमारे ४३ ग्रॅम वजनाची आहेत. देवतेच्या केसांच्या पट्ट्यावर किंवा डॉल्फिनच्या अंगावर बारीक अक्षरांत लिहिलेली ही नावे नुसत्या डोळ्यांनी सहज दिसत नाहीत. इ. स. पू. ४१३ मध्ये अथेन्सच्या स्वारीचा जो दारुण पराभव झाला, त्याच्याशी या नाण्यांचा संबंध पूर्वी जोडला जाई. आज त्यांचा आरंभ सामान्यतः त्यानंतर काही वर्षांनी, पहिल्या डायोनिसियसच्या राजवटीत, मानला जातो.

तथापि संग्राहकाने या राजेशाही नाण्यांनीच दिपून जाऊ नये. आक्रागासमध्ये ब्राँझचे दातासारख्या आकाराचे ओतीव तुकडे चलनात होते. त्यांचे मूल्य ठिपक्यांनी दाखवलेले असे. चांदीची 'लित्रा' तर एक ग्रॅमपेक्षाही हलकी होती. बाजारात मासळी आणि तेल विकत घेणाऱ्या माणसाचा हात या क्षुद्र नाण्यांनाच लागला होता.

ठशांची साखळी

नाणे वाचण्याची सर्वांत फलदायी पद्धत ठशांच्या तुलनेची आहे. खालचा ठसा ऐरणीत घट्ट बसवलेला असे. वरचा ठसा हातात धरून त्यावर हातोडा मारला जाई. त्यामुळे तो सामान्यतः लवकर झिजे किंवा फुटे. परिणामी खालचा एकच ठसा वरच्या अनेक ठशांबरोबर वापरलेला आढळतो. पहिल्या नाण्याचा खालचा ठसा दुसऱ्यावर, दुसऱ्याचा वरचा ठसा तिसऱ्यावर, अशी ओळख पटत गेली, की नाण्यांची एक साखळी तयार होते. ठशाला गेलेला तडा एका नाण्यावर केसाएवढा आणि दुसऱ्यावर ठळक दिसत असेल, तर पहिले नाणे आधीचे हे निश्चित होते. एरिख बोरिंगर याने १९२९ साली सिराक्यूजच्या आरंभीच्या नाण्यांचा असा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा शेकडो नाण्यांचा क्रम डोळ्यांसमोर उभा राहिला.

या पद्धतीत खासगी संग्राहकाचे महत्त्व स्पष्ट होते. साखळीतील हरवलेला दुवा एखाद्या मोठ्या संग्रहालयात नसून कोणाच्या तरी घरातील खणात असू शकतो. त्याचे वजन, दोन्ही बाजूंची छायाचित्रे आणि ठशांची परस्परदिशा नोंदलेली असेल, तर ते एक नाणे सगळी मालिका जोडू शकते.

संग्राहकांची परंपरा

फिलिप्पो पारूता याने १६१२ साली पालेर्मो येथे सिसिलीच्या नाण्यांचा सचित्र ग्रंथ छापला. त्याच शहरातील प्रिन्स तोर्रेमुत्झा याचा प्राचीन सिसिलियन नाण्यांवरील ग्रंथ १७८१ साली निघाला. एप्रिल १७८७ मध्ये जर्मन कवी गटे त्याचा संग्रह पाहण्यास गेला. आपल्याला या विषयाचे ज्ञान नाही, म्हणून तो काहीसा नाखुशीनेच गेला होता. परंतु ती नाणी पाहून हरखून परतला. पुढे क्रीटमधील क्नोसॉसच्या उत्खननामुळे कीर्ती पावलेल्या आर्थर इव्हान्स याने १८८९ साली तारासच्या घोडेस्वार नाण्यांवर ग्रंथ लिहिला. निरनिराळ्या निधींत कोणती नाणी एकत्र सापडली, त्यांवर कोणत्या अधिकाऱ्यांची नावे आहेत आणि त्यांचे वजन किती आहे, यांवरून त्याने त्यांचे कालखंड पाडले. पूर्वी ७.९ ग्रॅमच्या आसपास असलेले हे नाणे राजा पिऱ्हसच्या युद्धकाळात सुमारे ६.६ ग्रॅमवर आले. नगराची ओढाताण तराजूत अशी दिसते.

परंतु जेथे हौस असते, तेथे तिचा फायदा घेणाराही असतो. कार्ल विल्हेल्म बेकर (१७७२–१८३०) या जर्मन नकलाकाराने प्राचीन नाण्यांचे ठसे इतक्या कौशल्याने कोरले, की जाणकारही फसले. नव्या नाण्यांना जुनेपणा यावा, म्हणून लोखंडाच्या किसात भरलेली ती पेटी तो आपल्या घोडागाडीतून हिंडवून आणी, अशी आख्यायिका आहे. तेव्हा नाण्याची कड, वजन आणि पृष्ठभाग तपासणे व ज्ञात ठशांशी ताडून पाहणे ही संग्राहकाची पहिली शिस्त होय. ओतीव नकलेच्या कडेवर सांध्याची रेघ आणि पृष्ठावर सूक्ष्म बुडबुड्यांच्या खुणा राहण्याचा संभव असतो. चांदीच्या पत्र्याखाली तांबे दिसले, तर मात्र घाई करू नये. अशी मढवलेली नाणी प्राचीन काळीही केली जात.

निधी फुटतो तेव्हा

येथवर वारंवार एक शब्द आला : निधी. संकटकाळी कोणीतरी आपली नाणी पुरून ठेवली आणि ती काढण्यासाठी तो परत आला नाही. असा ठेवा म्हणजे निधी. त्यातील सर्वांत अलीकडचे नाणे तो केव्हा पुरला गेला याची मर्यादा सांगते आणि झिजलेली व ताजी नाणी एकमेकांचा क्रम सांगतात. परंतु हे सर्व निधी अखंड असेल तोवरच.

१९८० साली सिसिलीत एटना पर्वतानजीक रांदात्सो येथे पाचशेहून अधिक नाण्यांचा एक निधी निघाला. अभ्यासकांनी पाहण्यापूर्वीच तो फुटला आणि देशोदेशींच्या बाजारांत विखुरला. कार्मेन आर्नल्ड-बियुक्की या विदुषीने त्या नाण्यांचा माग काढीत, शक्य तेवढ्या नोंदी जुळवून, १९९० साली त्याची पुनर्रचना प्रसिद्ध केली. इ. स. पू. पाचव्या शतकाच्या पूर्वार्धातील सिसिलीचा कालक्रम ठरवण्यास तिचा मोठा उपयोग झाला. परंतु तो ठेवा भांड्यात होता की पिशवीत, घराच्या जमिनीखाली होता की देवळाच्या आवारात, हे नोंदले गेले नाही. आणि ते आता कोणत्याही प्रयोगशाळेत परत मिळवता येणार नाही. एका नाण्याची विक्री करून कोणी पैसे मिळवले असतील. त्याची किंमत मात्र सर्वांच्या ज्ञानातून वजा झाली.

इटलीत १९०९ च्या कायद्यापासून भूमीतून निघालेल्या प्राचीन वस्तूंवर राज्याचा हक्क मानला जातो. २०११ साली अमेरिकेने इटलीबरोबरच्या करारान्वये प्राचीन नाण्यांच्या काही प्रकारांच्या आयातीवरही निर्बंध घातले. २०१२ च्या जानेवारीत न्यू यॉर्कमधील एका नाणेसंमेलनात एका नामांकित संग्राहकाला अटक झाली. त्याच्याजवळच्या सिसिलियन नाण्यांत आक्रागासचे अत्यंत दुर्मीळ दशद्राख्मी नाणे होते आणि ते काही वर्षांपूर्वीच जमिनीतून निघाल्याचे तो स्वतःच सांगत होता. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी झाली, तेव्हा ती नाणी चक्क नकली निघाली! चोरीचा माल ठाऊक असून बाळगण्याच्या प्रयत्नाबद्दल त्याला समाजसेवेची शिक्षा झाली. शिवाय उगम ठाऊक नसलेली नाणी घेण्यातील धोक्यांविषयी एक लेखही लिहावा लागला. या प्रसंगात मोठा बोध आहे. ज्या नाण्याला पूर्वेतिहास नाही, त्याच्या खरेपणालाही साक्षीदार नाही.

म्हणून नव्या संग्राहकाने नाण्यापूर्वी ग्रंथ विकत घ्यावा आणि संग्रहालयांच्या सूच्या चाळाव्यात. जुन्या, नोंद असलेल्या संग्रहातून आलेले नाणेच घ्यावे. त्यासोबतची जुनी चिठ्ठी, तिच्यावरील अक्षर लागत नसले तरी, कधीही टाकू नये. नाणे घासून चकचकीत करू नये. आपली स्वतःची चिठ्ठीही त्यासोबत ठेवावी : नाणे कोठून आले, केव्हा आले, वजन किती, कोणत्या ग्रंथात त्याचा उल्लेख आहे. सिबारिसचा बैल अडीच हजार वर्षे मागे वळून पाहत आहे. तो ज्या वाटेने आपल्यापर्यंत आला, त्या वाटेची नोंद पुढच्याच्या हाती सोपवणे हेच संग्राहकाचे खरे काम होय.