बार्तीमयाचे वस्त्र

शास्त्रपाठ : मार्क १०:४६–५२

यरीहोच्या वाटेवर भीक मागत बसलेल्या आंधळ्या बार्तीमयाची कथा आपल्या परिचयाची आहे. उपदेशक बहुधा त्याच्या आरोळीवर व विश्वासावर बोलतात, आणि ते योग्यच आहे. पण ५० व्या वचनातील एक लहानशी गोष्ट ध्यानातून निसटते. प्रभूने बोलाविले तेव्हा त्याने आपले वस्त्र टाकून दिले. भिकाऱ्याचे वस्त्र म्हणजे काय, हे आपल्या खेड्यांत सांगावयास नको. रात्रीचे पांघरूण तेच आणि दिवसाचे आसनही तेच. शिवाय आंधळ्याने टाकिलेले वस्त्र गर्दीत पुन्हा कसे सापडावे? डोळे मिळण्यापूर्वीच त्याने हाती होते ते सोडिले. दृष्टी आल्यावर तो येशूच्या मागे निघाला, आणि ती वाट यरुशलेमेस, वधस्तंभाकडे, जात होती.

केडगावच्या मुक्ती मिशनात पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) अंध स्त्रियांसाठी घर काढिले, त्याचे नाव बार्तीमी सदन. रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाई यांनी तेथे ब्रेल लिपी शिकविली. बोटांनी वाचणारी बाई इतरांस वचन वाचून दाखवू शकते. कालची घेणारी आज देणारी होते. खुद्द रमाबाईंसही ऐकू कमी येई. १८८३ साली त्या वैद्यकी शिकण्याच्या हेतूने इंग्लंडास गेल्या, पण या व्यंगामुळे तो मार्ग बंद झाला. तरी पुढे दुष्काळातील शेकडो अनाथ मुलींना त्यांनीच जवळ केले.

वरोऱ्याचे आनंदवन ही ख्रिस्ती संस्था नव्हे, तरी तेथील उदाहरण सांगितल्यावाचून राहवत नाही. ज्यांच्या सावलीस लोक भीत, त्या कुष्ठरोग्यांनी बाबा आमट्यांबरोबर राबून गावच्या मुलांसाठी महाविद्यालय उभे केले. ते १९६४ साली सुरू झाले.

परंतु उपदेशकांनो, येथे जपून बोलावे. आश्रमात राहणाऱ्या अपंगास “तुझे दुःख हाच तुझा त्याग” असे कदापि सांगू नये. पांगळेपण त्याने वाहिलेले नाही. ते त्याच्यावर आले आहे. अर्पण तेच, जे मनुष्य स्वखुशीने देतो. त्याची भाकर, औषध व चाकाची खुर्ची यांची तजवीज न करिता त्यास त्याग शिकविणे ही तर शुद्ध लबाडी होय.

याच्या उलट चूक माझ्या हातून झाली. आपल्या बीड जिल्ह्यातील एका वसतिगृहात मी उपासना चालविली. अर्पणाच्या वेळी मी थाळी अंधांच्या बाकापुढून न थांबविता पुढे नेली. त्यांच्याकडून काय घ्यावे, अशी माझी दया! उपासना संपल्यावर एका वृद्ध बाईने माझा हात धरिला. “पाळकसाहेब, आमच्याकडं थाळी आलीच नाही.” केरसुण्या बांधून मिळविलेली दहा रुपयांची दोन नाणी तिने पदराच्या गाठीत ठेविली होती. गाठ सोडून, बोटांनी कडा चाचपून, तिने ती एकेक माझ्या तळहातावर ठेविली. तो पैसा ऊसतोडीस गेलेल्या मजुरांच्या, गावी मागे राहिलेल्या मुलांच्या वह्यांसाठी होता. ते तिला ठाऊक होते. माझ्या आधी तिने मुलांची संख्याही विचारून ठेविली होती.

मी क्षमा मागितली. “मागायची कशाला,” ती म्हणाली, “पुढल्या वेळी थांबा.”

आता तेथे थाळी प्रथम त्याच बाकावर जाते.