पेटी बदलण्यापूर्वी

दुहेरी क्लचच्या अनेक स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये विद्युत-नियंत्रक, तेलाचा पंप, दाब साठविणारा संचायक आणि गिअर सरकविणारे दट्टे हे सारे एकाच कवचात बसविलेले असतात, आणि या समग्र उपकरणाला वर्कशॉपमध्ये ‘मेकॅट्रॉनिक’ असे सुटसुटीत नाव आहे. त्यात बिघाड झाला म्हणजे नेमके कोणते अंग दुखावले आहे याचा शोध घेण्यापेक्षा संपूर्ण उपकरणच उतरवून नवे बसविण्याकडे कारागिराचा कल असणे स्वाभाविक आहे. परंतु त्या नव्या उपकरणाची किंमत एखाद्या चांगल्या मोटारसायकलीच्या किमतीहून अधिक असल्यामुळे, आणि ती मालकाच्याच खात्यातून वजा होत असल्यामुळे, शोधाची निकड मालकाला जितकी भासते तितकी दुसऱ्या कोणाला भासण्याचे कारण नसते. तात्यापाऱ्यापासून चौबे कॉलनीपर्यंत, रायपुरातल्या आपल्या मराठी मंडळींच्या दारात अशा गाड्या आता उभ्या दिसू लागल्या आहेत. म्हणून माझ्या गाडीची हकीकत तपशिलाने नमूद करणे मला अगत्याचे वाटते. गाडी कोणत्या कंपनीची हे सांगण्याचे येथे प्रयोजन नाही.

मे महिन्यातील एका दुपारी आम्ही धमतरी आणि कांकेर मागे टाकून जगदलपूरकडे निघालो होतो. केशकालच्या घाटात मालमोटारींची रांग लागलेली होती, आणि चढणीवर हात हात पुढे सरकत असताना फलकावरील गिअरचा आकडा एकाएकी लुकलुकू लागला, इंजिनाचा आवाज चढला, पण चाकांपर्यंत शक्ती पोहोचेना. गाडी मागे घसरू लागताच ब्रेक दाबून धरला, हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना दगड लावले. अर्ध्या तासाने इंजिन पुन्हा सुरू केले तेव्हा गाडी काही घडलेच नाही अशा थाटात चालू लागली. आम्ही पुढचा बेत रद्द करून परत फिरलो. रायपुरातील एका मोठ्या वर्कशॉपमध्ये स्कॅनर जोडल्यावर तेलाचा दाब अपुरा असल्याचा दोषसंकेत निघाला, आणि तेथील तरुण सुपरवायझरने अत्यंत नम्रपणे निकाल दिला : “सर, पूरा मेकॅट्रॉनिक बदलना पड़ेगा.” दाब कशामुळे अपुरा पडतो, असे मी विचारले. त्याचे उत्तर त्याच्याजवळ नव्हते, कारण तो प्रश्न त्याला कोणी विचारलेलाच नव्हता.

माझी सारी नोकरी भिलाईच्या पोलाद कारखान्यात, उपकरणांच्या देखभालीत गेली. तेथे शिकलेली पहिली गोष्ट ही, की यंत्राने दिलेला दोषसंकेत ही त्याची कैफियत असते, फैसला नव्हे. संवेदकाला जे भासले ते त्याने नोंदविले, इतकाच त्याचा अर्थ. दाब कमी भासण्यास दाब खरोखर कमी असणे हे एक कारण झाले. संवेदकच चुकीचे सांगत असणे, किंवा त्याला मिळणारी वीज क्षीण असणे, हीही कारणे असू शकतात, आणि त्यांतील प्रत्येकाचा उपाय व खर्च निराळा.

या ठिकाणी त्या गिअरबॉक्सची रचना थोडी समजून घेतली पाहिजे. एका गिअरबॉक्सच्या पोटात दोन अर्धे गिअरबॉक्स आणि प्रत्येकाला आपला स्वतंत्र क्लच, ही कल्पना फ्रेंच अभियंता अडोल्फ केग्रेस याने दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास मांडली. १९८०च्या दशकात पोर्शेने ती आपल्या ९५६ आणि ९६२ या शर्यतीच्या गाड्यांत वापरली, आणि २००३ साली फोक्सवागेनच्या गोल्फ आर-३२ या मोटारीतून ती बाजारात आली. सात गिअरच्या प्रचलित रचनेत पहिला, तिसरा, पाचवा व सातवा हे विषम गिअर एका क्लचवर, आणि दुसरा, चौथा, सहावा व रिव्हर्स हे दुसऱ्या क्लचवर असतात. या वाटणीतच निदानाची पहिली किल्ली आहे. समजा, गाडी पुढे चालते, पण रिव्हर्स गेला आणि सम गिअरही लागत नाहीत, तर संशय सम बाजूच्या क्लचवर, दट्ट्यावर किंवा वाल्व्हवर घ्यावा. माझ्या गाडीत मात्र दोन्ही बाजू एकाच क्षणी गेल्या होत्या. अर्थात दोष अशा जागी हवा, जी दोन्ही बाजूंना समाईक आहे. आणि समाईक गोष्टी तीनच : वीजपुरवठा, इतर नियंत्रकांशी होणारा संवाद, आणि तेलाचा दाब.

हा विचार घेऊन मी रिंग रोडवरील एका लहान गॅरेजात गेलो. तेथील मिस्त्री फारसे शिकलेले नव्हते, पण ऐकून घेण्याची आणि मोजून पाहण्याची त्यांची वृत्ती होती, आणि ती मला पदवीपेक्षा मोलाची वाटते. “मिस्त्रीजी, पहिले कोड मिटवू नका, सगळे उतरवून घ्या,” एवढीच माझी विनंती होती. ही गोष्ट मी सर्वांनाच आग्रहाने सांगेन. संकेतासोबत त्या क्षणीचे तापमान, व्होल्टेज, वेग यांचीही नोंद नियंत्रकात राहते, आणि कोड मिटविताच ती नोंद नष्ट होते. स्वस्तातले स्कॅनर बहुधा इंजिनापुरतेच वाचतात. गिअरबॉक्स, ब्रेक आणि इतर नियंत्रकांचे वाचन देणारे यंत्र असल्याखेरीज निदानाला हात घालू नये. ‘पी ०५६२’ हा संकेत व्होल्टेज कमी असल्याचे सांगतो. ‘यू ०१०१’ एवढेच सांगतो की इतरांना गिअरबॉक्सच्या नियंत्रकाचे बोलणे ऐकू येत नाही. तो मेला आहे असा त्याचा अर्थ नव्हे. एखादी तार तुटलेली असेल, फ्यूज उडालेला असेल, किंवा पावसाळ्यात सॉकेटच्या पिनांवर हिरवट गंज चढलेला असेल.

विश्रांत बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास होती. स्टार्टर फिरत असतानाही व्होल्टेज चिंताजनक उतरले नाही. अर्थिंगची पट्टी सोडवून, घासून पुन्हा बसविली. सॉकेट उघडून पाहिले तेव्हा पिना स्वच्छ आणि कोरड्या होत्या. संवादाचा एकही दोष नोंदीत नव्हता. उरला दाब.

या प्रकारच्या रचनेत विजेचा पंप तेलाचा दाब चाळीस ते साठ बारच्या दरम्यान राखतो, म्हणजे टायरमधील हवेच्या वीस-पंचवीसपट. आणि वायूने भरलेला संचायक तो दाब साठवून ठेवीत असल्यामुळे पंपाला सतत चालावे लागत नाही. चालू, बंद, पुन्हा चालू, असा त्याचा क्रम असतो. मिस्त्रींनी स्कॅनरवर पंपाच्या चालण्याचा काळ पाहिला, तर पंप जवळजवळ थांबतच नव्हता, आणि थांबला की दाब झपाट्याने घसरत होता. पोलादाच्या रोलिंग मिलमध्ये अशा संचायकांशी माझा वर्षानुवर्षे संबंध आला होता. पंप धापा टाकतो आणि दाब टिकत नाही, म्हणजे एक तर संचायकातील वायू गेला, नाही तर तेल कोठून तरी गळते आहे. गाडी लिफ्टवर चढविल्यावर मेकॅट्रॉनिकच्या खालच्या अंगाला ओलसर तेल दिसले. कवच उतरविल्यावर, संचायक जेथे आट्यांनी बसतो तेथे ॲल्युमिनियमला बारीक तडा गेलेला आढळला. दाबाच्या सततच्या चढउताराने धातू तेथे थकतो. आणि यात तेल जेमतेम एक लिटर असल्यामुळे थोडी गळतीही अंगावर येते. घाटातील गोंधळाचा उलगडा झाला : रांगेत प्रत्येक सरकण्याला क्लचने दाब मागितला, आणि पंपाला तो पुरवता आला नाही.

विद्युत-नियंत्रक निर्दोष होता, म्हणून तो जसाचा तसा ठेवला. कवच आणि संचायक नवे घातले, सील बदलले, आणि तेल उत्पादकाने सांगितलेल्या प्रतीचेच भरले. तेलाविषयी हयगय करू नये याला एक जाहीर दाखला आहे : फोक्सवागेनने २०१३ साली चीनमध्ये ३,८४,१८१ गाड्या परत बोलाविल्या, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात जगभरच्या सुमारे सोळा लाख गाड्यांत गिअरबॉक्सचे कृत्रिम तेल काढून खनिज तेल भरण्याची मोहीम जाहीर केली, कारण उष्ण व दमट हवामानात, थांबत-चालत जाणाऱ्या वाहतुकीत, ते तेल विद्युत-दोषाला कारण ठरू शकत होते. रायपूरचा मे आणि रायपूरचा जुलै ज्याने अनुभवला आहे, त्याला या वर्णनात आपलेच गाव दिसेल. ‘गिअर ऑइल सगळे सारखेच’ असे म्हणणाऱ्याच्या हाती हे उपकरण देऊ नये. आणखी एक इशारा : आतील दाब काढून टाकण्याची रीतसर प्रक्रिया केल्याखेरीज हे कवच उघडणे धोक्याचे आहे, म्हणून घरी स्वतः उघडण्याचा मोह कोणी धरू नये. भंगारातून जुना नियंत्रक आणून बसविण्याची सूचनाही काही ठिकाणी मिळते. परंतु प्रत्येक नियंत्रकाचे सॉफ्टवेअर आणि कोडिंग त्या गाडीशी जुळवावे लागते, आणि जुळले नाही तर पहिल्या दोषाच्या जागी दुसरा येऊन बसतो.

काम झाल्यावर स्कॅनरने क्लच आणि गिअर यांची मूळ जुळवणी करवून घ्यावीच लागते, म्हणजे प्रत्येक क्लच कोठे धरतो आणि प्रत्येक दट्टा किती सरकतो हे नियंत्रकाला नव्याने शिकवावे लागते. पुष्कळ ठिकाणी ही पायरी गाळली जाते, आणि मग झटके बसू लागले की दोष नव्या भागावर ढकलला जातो. जुळवणी पूर्ण झाल्याचा कागद मागून घ्या. कामाचा अंदाज लेखी घ्या, काढलेला जुना भाग परत मागा. एवढे कागद जवळ असले, आणि तरीही दाद मिळाली नाही, तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे सेवेतील त्रुटीची तक्रार दाखल करण्यास काही हरकत राहत नाही.

हे झाले दुरुस्तीचे. चालविण्यापुरते सांगायचे, तर कोरड्या, म्हणजे तेलात न बुडालेल्या, क्लचच्या गाडीत चढणीवर ॲक्सिलरेटरच्या आधाराने गाडी तोलून धरण्याची सवय आजच सोडावी. रांग पुढे सरकल्यावर मधे एक गाडीभर जागा पडू द्यावी, आणि मगच एकदम पुढे जावे. तेलीबांध्याच्या चौकात संध्याकाळी मागचे लोक हॉर्न वाजवतील, ते वाजवू द्यावेत. आणि रस्त्यात गिअर गेलाच, तर लक्षात असावे की यांतील काही रचनांमध्ये दाब गेल्यावर दोन्ही क्लच सुटतात, म्हणजे गाडीला इंजिनाचा आधार उरत नाही. घाटात प्रथम ब्रेक, मग दगड, मग बाकीचा विचार. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी ओढून नेऊ नये, चारही चाके उचलून नेणारा ट्रक मागवावा, आणि विम्यात ती सोय आहे की नाही हे धमतरी रोडला लागण्यापूर्वीच पाहून ठेवावे.