हप्ते चालू असलेलं भुताचं घर

धारप आणि मतकरी वाचत मोठी झाले, तेव्हापासून भयकथेची ओढ आहे. झपाटलेल्या घरांचे चित्रपट मी देशोदेशीचे पाहते, आणि त्यांत माझ्या लेखी पहिला मान थायलंडच्या ‘लद्दालँड’चा. सोफोन सकदाफिसित यांचा हा २०११चा चित्रपट. भाड्याच्या खोलीत राहत होते तेव्हा तो पहिल्यांदा पाहिला. पुढे स्वतःच्या फ्लॅटचं कर्ज डोक्यावर आल्यावर पुन्हा पाहिला. दोन्ही वेळा भीती वाटली, पण वेगवेगळ्या जागी. त्यातून जे उमगलं ते इथे मांडते. शेवट फोडणार नाही.

१. माणसं ते घर सोडून का जात नाहीत, हे आधी बघा.

भूतबंगल्याच्या बहुतेक चित्रपटांत हा प्रश्न आपण पाचव्या मिनिटाला विचारतो आणि चित्रपटाकडे उत्तर नसतं. ‘लद्दालँड’ची सगळी ताकद या उत्तरात आहे. थी नावाचा गृहस्थ चिआंग माईला नोकरी धरतो, तिथल्या नव्या वसाहतीत कर्जावर घर घेतो आणि बँकॉकहून बायको-मुलांना बोलावून घेतो. थोरली मुलगी आजीकडे वाढलेली. आजीला जावई कधीच पसंत नव्हता, आणि तेच मत नातीच्या डोळ्यांत उतरलेलं. म्हणजे हे घर थीने राहण्यासाठी तर घेतलंच आहे, शिवाय आपण कर्ते आहोत हे सासूला, बायकोला आणि मुलीला दाखवून देण्यासाठीही घेतलं आहे. पुढे वसाहतीत खून होतो, एकेक कुटुंब सामान बांधून निघून जातं, रात्री समोरच्या रांगेत एकही दिवा दिसत नाही. थी जाणार कुठे? बदनाम वसाहतीतलं घर विकत कोण घेणार? भूत आलं म्हणून हप्ता थांबत नाही.

पहिल्या वेळी मी अंधाऱ्या खोल्यांना घाबरले होते. दुसऱ्या वेळी थीची कंपनी बुडते तिथे माझ्या पोटात गोळा आला. बायकोला न सांगता तो एका छोट्या दुकानात गल्ल्यावर उभा राहतो, त्या दृश्यात भूत नाही, अंधार नाही, संगीतही जवळजवळ नाही. इतकं भेदरवणारं दृश्य मी भयपटांत फार थोड्या ठिकाणी पाहिलं आहे.

२. दचकणं निराळं, भिणं निराळं.

‘लद्दालँड’मध्येही कानठळ्या बसवणारे आवाज आहेत, एकदम पुढ्यात येणारे काळेनिळे चेहरे आहेत. त्यांतले काही मला उगाचचे वाटतात, कारण त्या क्षणी आपण आवाजाने हलतो आणि लगेच सावरतो. भीती मात्र साचत जावी लागते. शेजारच्या घरातला तापट नवरा, त्याची मार खाणारी बायको, चाकाच्या खुर्चीतली म्हातारी आई: हे कुटुंब आपल्याला आधी दिवसाउजेडी भेटतं. त्यामुळे पुढे त्या घराची नुसती खिडकी दिसली तरी अंगावर काटा येतो.

सकदाफिसित यांना दचकवता उत्तम येतं. ‘शटर’ (२००४) आणि ‘अलोन’ (२००७) या गाजलेल्या थाई भयपटांच्या लेखनात त्यांचा हात होता. इथे त्यांनी त्याच्या पुढचं पाऊल टाकलं आहे.

३. भूत कुणाचं आहे हे विचारा.

वसाहतीत जिचा खून होतो ती माखिन ही घरकामाला ठेवलेली म्यानमारची तरुणी आहे. उत्तर थायलंडमध्ये म्यानमारहून आलेले कामगार फार मोठ्या संख्येने आहेत. घरकाम, शेती, बांधकाम त्यांच्या अंगावर चालतं. तिचं प्रेत फ्रिजमध्ये सापडतं आणि वसाहत हादरते. पण हादरते कशाने? ती मेली याने, की आता आपल्या घरांचं काय होणार याने? दिग्दर्शकाने हा प्रश्न पात्रांच्या वागण्यातून नेमका उभा केला आहे.

माझी तक्रारही याच जागी आहे. माखिनला जिवंतपणी पडद्यावर फार थोडी जागा मिळते आणि मेल्यावर तिचा विद्रूप चेहरा आपल्याला भेडसावायला वापरला जातो. जिच्यावर अन्याय झाला तिचीच भीती घालायची, ही भयपटाची जुनी खोड आहे. आपल्या हडळीच्या आणि जखिणीच्या गोष्टी आठवून पाहा. मराठीत विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’ने उसाच्या फडात हाच प्रश्न पुष्कळ धीटपणे हाताळला होता. चित्रपट कितीही आवडला तरी ही उणीव मी डोळ्याआड करणार नाही.

४. त्या मातीतल्या समजुती थोड्या माहीत करून घ्या.

थायलंडमध्ये घराच्या किंवा दुकानाच्या आवारात खांबावर उभारलेलं छोटंसं देऊळ दिसतं. ते त्या जागेच्या रक्षक आत्म्याचं, त्याला ‘सान फ्रा फूम’ म्हणतात. रोज फुलं, उदबत्ती, खाणं, बाटलीतलं लाल सरबतसुद्धा ठेवतात. आपल्या कोकणातल्या आणि गोव्यातल्या राखणदाराला मान देतात तसंच हे. जागा आधी दुसऱ्या कुणाची तरी आहे, आपण नंतर आलो, ही जाणीव त्यामागे असते. ‘लद्दालँड’ हे नावही चिआंग माईतल्या एका खऱ्या जागेचं आहे. ती जागा बंद पडल्यावर तिच्याभोवती भुतांच्या कथा पसरल्या होत्या. थाई प्रेक्षक नाव ऐकूनच सावध होऊन बसतो.

५. एकाच दिग्दर्शकाचे दोन चित्रपट लागोपाठ पाहा.

याच दिग्दर्शकाच्या ‘द प्रॉमिस’मध्ये (२०१७) कथा १९९७पासून सुरू होते. त्या वर्षीच्या २ जुलैला थायलंडने आपलं चलन बाट बाजारभावावर सोडलं, ते कोसळलं आणि आशियाभर आर्थिक संकट पसरलं. बँकॉकमधल्या कितीतरी इमारती अर्ध्यावर थांबल्या. त्यांतलाच ‘साथोर्न युनिक’ हा ४९ मजली सांगाडा या चित्रपटात आहे. दिवाळखोर झालेल्या दोन बापांच्या मुली तिथे एकत्र मरायची शपथ घेतात आणि एक मागे फिरते. ‘लद्दालँड’नंतर हा पाहिला की ध्यानात येतं, या माणसाला भूत आणि कर्ज वेगळं काढताच येत नाही. माझ्या मते ‘लद्दालँड’ अधिक भेदक आहे. पण त्या रिकाम्या मजल्यांचं चित्रण ‘द प्रॉमिस’मध्येच बघावं.

६. नक्कल आधी बघू नका.

‘शटर’चा हॉलिवूडने २००८मध्ये नवा अवतार काढला. ‘अलोन’वरून त्याच नावाचा हिंदी चित्रपट २०१५मध्ये आला. दोन्हींत गोष्ट आहे, जरब नाही.

७. डब केलेली प्रत टाळा.

थीचा आवाज घरात वेगळा, साहेबासमोर वेगळा आणि मुलीशी बोलताना आणखी वेगळा आहे. ते सारं सहरत संगखाप्रिचा यांच्या मूळ थाई बोलण्यात आहे, आणि उपशीर्षकं वाचत पाहिलं तरी कानाला कळतं. नवं घर घेतलेल्या कुणालातरी सोबत बसवा आणि अर्ध्यात उठू नका. थी गल्ल्यावर उभा असतो त्या दृश्यात तुम्हाला काय वाटलं, ते मला जरूर कळवा.