मेंदूतील दुर्मिळ अर्बुदे : प्रतिमेची आणि ऊतींची साक्ष

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या अकराव्या अध्यायात अर्बुदाची लक्षणे सांगितली आहेत. गोल, स्थिर, अल्प वेदनेचे, खोल मूळ असलेले, सावकाश वाढणारे आणि न पिकणारे असे ते असते. यातील बहुतेक लक्षणे हाताला आणि डोळ्याला कळणारी आहेत. कवटीच्या आत मात्र वैद्याचा हात पोहोचत नाही. दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न या त्रिविध परीक्षेपैकी तेथे प्रामुख्याने प्रश्नच हाती उरतो, आणि तो नीट विचारला नाही तर काय होते याचा एक अनुभव आम्ही प्रस्तुत लेखात प्रथम मांडत आहोत. तो आमच्याच चुकीचा आहे.

यंत्रमागावर काम करणारा सव्वीस वर्षांचा तरुण शिरःशूलाची तक्रार घेऊन आमच्या चिकित्सालयात आला. पहाटे उठताना डोके दुखे, उलटी होई आणि उलटी झाली की बरे वाटे. रात्रपाळी, अवेळी जेवण, तिखटाची आवड हा सर्व इतिहास पित्ताकडे बोट दाखवणारा होता. आम्ही सूतशेखर, कामदुधा आणि पथ्यादि काढा यांची योजना केली. आठ-दहा दिवस उपशय मिळाला, पुन्हा वेदना सुरू झाली, पुन्हा उपशय मिळाला. या उपशयानेच आमची फसगत केली. मेंदूतील पोकळ्यांमधून मस्तिष्कजलाचा प्रवाह कधी अडतो, कधी मोकळा होतो, तसतशी वेदनाही चढते व उतरते, हे त्या वेळी आमच्या मनात आले नाही. अडीच महिने गेले. वाकले की डोळ्यांपुढे अंधारी येते असे तो म्हणू लागला, तेव्हा चष्म्याचा नंबर तपासून घ्या असे सांगून आम्ही त्याला नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले. त्यांनी बाहुली मोठी करून नेत्रतल पाहिले. दोन्ही बाजूंच्या दृष्टिचेतेच्या शिरोभागी सूज होती. त्याच सायंकाळी एम.आर.आय. झाला.

पहाटेची डोकेदुखी, उलटीने मिळणारा आराम आणि दृष्टीतील बदल या तीन गोष्टी एकत्र आल्या की नेत्रतल पाहिल्याशिवाय चिकित्सा पुढे नेऊ नये, एवढे आम्ही त्या दिवसापासून कागदावर लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवले आहे. प्रौढ वयात प्रथमच आलेला अपस्मार, हळूहळू वाढणारी एका अंगाची दुर्बलता, स्वभावात झालेला अकारण बदल यांनाही हाच नियम लावावा. फरक इतकाच, की येथे नेत्रतल निर्दोष असले तरी प्रतिमातपासणी टाळू नये.

आता त्या प्रतिमेविषयी. अर्बुद पार्श्वनिलयात, दोन पोकळ्यांमधील पातळ पडद्याला चिकटून, मनरोच्या छिद्राजवळ होते. आत साबणाच्या फेसासारखे लहान-लहान बुडबुडे दिसत होते आणि सी.टी. वर चुन्याचे कण होते. रेडिओलॉजिस्टांनी अहवालात तीन नावे दिली होती. पुष्कळ रुग्णांना आणि काही वैद्यांनाही असा अहवाल अपुरा वाटतो. एवढे पैसे भरूनही नक्की सांगता येत नाही का, असे विचारले जाते. आमच्या मते असा अहवाल हा प्रामाणिकपणाचे लक्षण आहे. चरकाचार्यांच्या परिभाषेत बोलायचे तर प्रतिमा हे अनुमानप्रमाण आहे. धूर दिसला म्हणजे अग्नी आहे हे कळते, परंतु कोणते लाकूड जळते आहे ते कळत नाही.

या अनुमानाचे बळ मात्र कमी लेखू नये. सी.टी. मध्ये रक्तस्राव आणि चुना चटकन दिसतो. एम.आर.आय. मध्ये गॅडोलिनियम टोचून घेतलेल्या प्रतिमा रक्त आणि मेंदू यांमधील आवरण कोठे फुटले आहे ते दाखवतात. जलकणांच्या हालचालीवर आधारलेली प्रतिमा पुवाने भरलेले विद्रधी आणि मध्यभागी कुजलेले अर्बुद यांत भेद करण्यास साहाय्य करते, कारण घट्ट पुवात ही हालचाल कुंठित होते. आपल्याकडे हा भेद विशेष महत्त्वाचा आहे. कडेने उजळणारी वर्तुळाकार गाठ दिसली की घरचे लोक कर्करोगाच्या भीतीने अर्धमेले होतात, पण अशी गाठ क्षयाची असू शकते, फीतकृमीच्या अळीची असू शकते. अळीच्या कोषात तिच्या डोक्याचा ठिपका दिसला तर निदान जवळजवळ हाती आले. उलट, क्षयाची गाठ समजून महिनोन्महिने औषध चालवले आणि ती अर्बुदाची निघाली असेही घडते. मोठ्या केंद्रांवर स्पेक्ट्रोस्कोपी करून गाठीतील रासायनिक द्रव्यांचा आलेखही काढतात. हे सर्व मिळूनही साक्ष अप्रत्यक्षच राहते.

प्रत्यक्ष म्हणजे ऊती. गाठ काढता येण्याजोगी असेल तर शस्त्रकर्मातच ती मिळते. खोल असेल तर संगणकाने नेमलेल्या मार्गाने बारीक सुई नेऊन तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे घेतात. शस्त्रकर्म चालू असताना एक तुकडा गोठवून किंवा काचपट्टीवर चिरडून तात्काळ पाहिला जातो. त्यावरून शल्यतज्ज्ञांना दिशा मिळते, परंतु तो अंतिम निर्णय नव्हे. उरलेला भाग फॉर्मॅलिनमध्ये जातो, पॅराफिनच्या ठोकळ्यात बसवला जातो, त्याचे छेद रंगवले जातात. तुकडा लहान असेल तर तो गाठीच्या सौम्य भागातून आला की उग्र भागातून, हा प्रश्न राहतोच. म्हणून विकृतिशास्त्रज्ञाने प्रतिमा पाहिलेली असावी लागते. आमच्या रुग्णाच्या बाबतीत नेमके हेच झाले नव्हते.

त्याच्या गाठीच्या छेदात गोल, एकसारखी केंद्रके आणि त्यांच्याभोवती रिकामी पांढरी वलये दिसली. हे चित्र ऑलिगोडेंड्रोग्लिओमा या अर्बुदाचे मानले जाते आणि पहिल्या अहवालात तेच नाव आले. त्यानुसार किरणोपचार आणि रसायनोपचार दोन्हींचा सल्ला मिळाला. घरात रडारड झाली. म्हातारी आई आमच्याकडे येऊन बसली. परंतु शल्यतज्ज्ञांचे समाधान झाले नव्हते. हे नाव मेंदूच्या गाभ्यातील अर्बुदाचे. पोकळीत, पडद्याला चिकटून ते क्वचितच आढळते. त्यांनी ठोकळे दुसऱ्या केंद्राकडे पाठवले. तेथे विशिष्ट प्रथिनांना चिकटणाऱ्या प्रतिद्रव्यांनी परीक्षण झाले. सिनॅप्टोफिझिन हे चेतापेशींचे प्रथिन ठळक आढळले. आय.डी.एच. जनुकातील बदल नव्हता. १पी आणि १९क्यू या गुणसूत्रखंडांचा एकत्रित लोपही नव्हता, आणि या दोहोंशिवाय ऑलिगोडेंड्रोग्लिओमा हे नाव आता देता येत नाही. निदान सेंट्रल न्यूरोसायटोमा असे ठरले.

हे अर्बुद दुर्मिळ आहे आणि बहुधा तरुण वयात आढळते. १९८२ साली हसून व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन रुग्णांच्या ऊती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्याला स्वतंत्र नाव दिले, तोपर्यंत ते इतर नावांखाली दडलेले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात त्याची श्रेणी दुसरी आहे. संपूर्ण काढता आले तर पुष्कळदा तेवढेच पुरते. काही भाग उरला अथवा पेशीविभाजनाचा वेग अधिक असला तर किरणोपचारांचा विचार होतो. आमच्या रुग्णाची गाठ संपूर्ण निघाली होती. एका नावाच्या बदलाने सव्वीस वर्षांच्या मेंदूवरील किरण टळले.

चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या अठराव्या अध्यायात म्हटले आहे की प्रत्येक विकाराला नाव देता आले नाही म्हणून वैद्याने लाजू नये. दोष, स्थान आणि हेतू जाणून चिकित्सा करणाऱ्याला ते लागू आहे, आणि आम्ही दररोज त्याचा आधार घेतो. पण कवटीतील अर्बुदात नावावरच चिकित्सा ठरते, आणि ते नावही आता केवळ रूपावर ठरत नाही. २०१६ च्या वर्गीकरणापासून जनुकीय लक्षणे निदानाचा भाग झाली आणि २०२१ च्या पाचव्या आवृत्तीत त्यांचे महत्त्व आणखी वाढले.

ऊतींशिवाय निदान नाही, या नियमाला एक अपवाद सांगायला हवा. पिनियल ग्रंथीच्या परिसरात, विशेषतः मुलांत आणि तरुणांत, जननपेशींची अर्बुदे होतात. दृष्टी वर नेता न येणे ही तेथील खूण. पिट्युटरीच्या वर असेल तर तहान आणि मूत्रप्रवृत्ती अतिशय वाढते. अशा मुलाला उदकमेहाची औषधे देत बसण्याचा मोह होतो. येथे रक्त आणि मस्तिष्कजल यांतील अल्फा-फीटोप्रोटीन व बीटा-एच.सी.जी. तपासतात. अल्फा-फीटोप्रोटीन स्पष्ट वाढलेले असेल तर सुई न घालताही चिकित्सा ठरवता येते. ही द्रव्ये वाढलेली नसतील तर मात्र ऊती हव्याच. कारण जर्मिनोमा निघाला तर तो किरणोपचारांना उत्तम प्रतिसाद देतो आणि बहुतांश रुग्ण बरे होतात.

आता औषधविक्रेते बंधूंशी आणि मिश्र चिकित्सा करणाऱ्या वैद्यांशी दोन शब्द. अठ्ठावन्न वर्षांच्या एका स्त्रीच्या मेंदूत पोकळीलगत एकजिनसी उजळणारी गाठ दिसली होती. सूज उतरावी म्हणून एका ठिकाणी तिला डेक्सामेथासोन सुरू झाले आणि तीच जुनी चिठ्ठी दाखवून घरचे लोक दुकानातून गोळ्या आणत राहिले. ती चालू लागली, बोलू लागली. सुईने ऊती घेतल्या तेव्हा गाठ आक्रसली होती आणि छेदात केवळ भक्षक पेशी सापडल्या; निदान झाले नाही. घरच्यांना वाटले, आजार गेला. पाचव्या आठवड्यात ती बेशुद्धावस्थेत परत आली. दुसऱ्यांदा ऊती घेतल्यावर लिम्फोमा ठरला.

मेंदूतील प्राथमिक लिम्फोमाच्या पेशी स्टिरॉइडने काही दिवसांतच मरतात आणि प्रतिमेतील गाठ विरघळल्यासारखी दिसते, परंतु रोग राहतो. याची चिकित्सा अर्बुद काढणे ही नसून मुख्यतः मोठ्या मात्रेतील मेथोट्रेक्झेट ही आहे, आणि ती ऊतींतील किंवा मस्तिष्कजलातील पेशींच्या पुराव्याशिवाय सुरू करता येत नाही. म्हणून प्रतिमेत लिम्फोमाची शंका असेल तर ऊती हाती येईपर्यंत स्टिरॉइड देऊ नये. मेंदूवरील दाबाने प्राणच संकटात असतील तर ते द्यावेच लागते, पण तो निर्णय चेताशल्यतज्ज्ञांचा असावा, दुकानाच्या गल्ल्यावरचा नसावा. जुन्या चिठ्ठीवर स्टिरॉइड मागणाऱ्याला परत पाठवल्याने एखादे गिऱ्हाईक तुटेल. ते तुटू द्यावे.

रुग्ण शस्त्रकर्मासाठी जाताना आपण दिलेल्या सर्व औषधांची, रसौषधींसह, लेखी यादी सोबत द्यावी. ती विचारली जात नाही आणि आपणही संकोचाने देत नाही. गॅडोलिनियम टोचण्यापूर्वी वृक्कांची तपासणी झाली आहे ना ते पाहावे. ऊतिपरीक्षणाचा अहवाल आला की त्याची छायाप्रत मागून घ्यावी आणि त्यात प्रथिनांचे व जनुकांचे परीक्षण नमूद आहे का ते वाचावे. नसेल तर ठोकळे व काचपट्ट्या मागण्याचा रुग्णाला अधिकार आहे हे त्याला सांगावे. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय किंवा बंगळूरची निम्हान्स अशा संस्थांमध्ये त्यांचे पुनरावलोकन होऊ शकते. पॅराफिनचा ठोकळा नीट ठेवल्यास वर्षानुवर्षे टिकतो, फक्त तो उन्हात वा उष्ण जागी ठेवू नये.

आमचा तो रुग्ण आता वर्षातून एकदा एम.आर.आय. करून येतो आणि जुन्या-नव्या फिल्म शेजारी-शेजारी धरून आमच्यासमोर उभा राहतो. त्याच्या आईने ठोकळ्याची डबी देवघराच्या कोनाड्यात ठेवली होती. तेथे समई तेवते, म्हणून आम्ही ती कपाटात हलवायला लावली.