सरकारी वकिलांचे काम

मुलांनो, वकील, फिर्याद, जामीन हे शब्द तुम्हांला उर्दूतून ठाऊक आहेत. मराठीतही ते चालतात. 'शिक्षा' हा शब्द मात्र नीट ध्यानात ठेवा. हिंदीत त्याचा अर्थ शिक्षण, मराठीत सजा!

गुन्हा एका माणसाविरुद्ध झाला, तरी तो साऱ्या समाजाविरुद्ध मानतात. म्हणून असा खटला सरकार चालवते आणि सत्र न्यायालयात सरकारची बाजू सरकारी वकील मांडतात. ते पोलिसांनी आणलेले कागद वाचतात, साक्षीदारांना प्रश्न विचारतात. आरोपीला काहीही करून तुरुंगात धाडणे हे त्यांचे काम नव्हे. जे खरे घडले ते न्यायालयापुढे ठेवणे, हे त्यांचे काम. खटला मागे घ्यायचा झाला, तर न्यायालयाची परवानगी लागते.

शिक्षा किती द्यायची, ते न्यायाधीश ठरवतात. पण काही कलमांत कायद्यानेच त्यांचे हात बांधलेले असतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेली भारतीय न्याय संहिता पाहा. एखाद्याने वाटसरूला धक्का मारून पैसे हिसकावले, तर ती जबरी चोरी. तिला दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कमीही होऊ शकते. पण त्या वेळी प्राणघातक शस्त्र वापरले असेल, तर सात वर्षांपेक्षा कमी शिक्षा देताच येत नाही. चाकू चोराच्या खिशातच होता, की त्याने तो उगारला? साक्षीदाराच्या एका वाक्यावर माणसाची सात वर्षे अवलंबून! किमान शिक्षेने धाक बसतो, असे पुष्कळजण म्हणतात. बसतही असेल. पण मग कोणते कलम लावायचे, हा प्रश्न फार जड होतो. अशा वेळी सरकारी वकिलांनी साक्षीदाराकडून पाहिले तेवढेच वदवून घ्यावे, एक शब्दही जास्त नको.

जुन्या दंड संहितेत तर ३०३ वे कलम होते. जन्मठेपेच्या कैद्याने खून केला, की फाशीच. दुसरी शिक्षा नाही. खून कसा घडला, कोणी चिथावले, हे न्यायाधीशांनी पाहायचेच नाही. १९८३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी हे कलम घटनाबाह्य ठरवले. मुख्य निकाल सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी लिहिला. आज नव्या संहितेत अशा कैद्यासाठी फाशी किंवा मरेपर्यंत जन्मठेप, अशा दोन शिक्षा आहेत, आणि त्यांतली कोणती द्यायची ते न्यायाधीश ठरवतात.