रस्त्यावरील चेहरे

यंत्रमागाचा कामगार, हमाल, चहावाला हे चेहरे आपण भिवंडींत नित्य पाहतों. छायाचित्रणाचा छंद त्यांपासूनच आरंभावा, असें आम्ही विद्यार्थ्यांस सुचवितों.

आधीं एक जुना धडा. विल्यम जॉन्सन यांनीं १८६३ व १८६६ सालीं मुंबईकरांच्या छायाचित्रांचे दोन खंड प्रसिद्ध केले. त्यांत माणसांमागें निराळ्या ठिकाणचीं दृश्यें जोडलेलीं आहेत. खालीं जात वा धंदा आहे, माणसाचें नांव बहुधा नाहीं.

आपण निराळें करावें. प्रथम परवानगी मागावी. नकार मिळाल्यास नमस्कार करून पुढें जावें. भर दुपारीं डोळ्यांत सावली पडते, म्हणून सकाळचें तिरपें ऊन किंवा ओसरीची सावली बरी. मागें त्याचेंच कामाचें ठिकाण असूं द्यावें. त्याची हरकत नसल्यास नांव लिहावें आणि एक प्रत त्याच्या हातीं नेऊन द्यावी.