नव्या मोटारीच्या रंगावर फिल्म : बसवावी की नको?



उसाचे बिल खात्यावर जमा झाले की आपल्या कार्यक्षेत्रात दोन-चार नव्या मोटारी दिसू लागतात. त्यात वावगे काही नाही. पण गाडीची किंमत, विमा, नोंदणी असे सगळे ठरून सह्या होत आल्या की शोरूममधला विक्रेता हळूच आणखी एक कागद पुढे सरकवतो. "साहेब, रंगावर फिल्म मारून घ्या. गाडी पाच वर्षं नवीन राहील." आकडा 70 हजार, मोठी गाडी असेल तर लाखाच्या पुढे. पेढे वाटायच्या घाईत माणूस 'हो' म्हणून मोकळा होतो. यासंबंधी सभासदांकडून वारंवार विचारणा होते, म्हणून या खेपेस हा विषय घेतला आहे.

ही फिल्म म्हणजे रंगावर चिकटवलेला पारदर्शक कातडीसारखा थर. बाजारात तिला पीपीएफ म्हणतात. चांगली फिल्म टीपीयू नावाच्या लवचिक प्लॅस्टिकची असते. कारखान्यातून आलेल्या गाडीवरच्या रंगाचे सगळे थर मिळून जाडी साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरते. त्यातला वरचा चकाकीचा थर 40-50 मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही बारीक. फिल्म 150 ते 200 मायक्रॉनची असते. रंगाइतकेच किंवा त्याहून जाड पांघरूण वर बसते, म्हणून खड्याचा मार ती स्वतः सोसते. चांगल्या फिल्मच्या वरच्या लेपावर पडलेल्या बारीक रेषा उन्हाने किंवा कोमट पाण्याने भरून येतात. हे खरे आहे, जाहिरातबाजी नाही. मात्र लेप कापून आत गेलेला ओरखडा भरत नाही.

पुष्कळांचा गोंधळ होतो तो सिरॅमिक कोटिंगमुळे. कोटिंग हा चोळून लावायचा द्रवाचा अगदी पातळ लेप. त्याने चकाकी येते, पाणी ठरत नाही, धुणे सोपे होते. पण खडीपुढे त्याचा काही उपयोग नाही. खड्यापासून वाचवतो असे सांगून कुणी कोटिंग गळ्यात मारू लागला तर तिथेच थांबावे.

आता आपल्या रस्त्यांकडे पाहू. शहरातल्या माणसाला सिग्नलवर मोटारसायकल घासून जाण्याची धास्ती. आपले दुखणे वेगळे. गळीत हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉली आणि अंगद यांच्या मागे तास-तासभर जावे लागते. त्यांच्या चाकांनी उडवलेली खडी बॉनेटवर, बंपरवर आणि काचेवर येते. पाणंदीत शिरले की दोन्ही बाजूंचा ऊस गाडीला घासतो. उसाच्या पात्याची कड करवतीसारखी असते आणि पात्यात सिलिका असते. तोडीला गेलेल्याच्या हातांना हे सांगायला नको. तीच पाती दारांवर जाळीसारख्या रेषा उठवतात. कारखान्याजवळ राहणाऱ्यांच्या गाडीवर चिमणीची काजळी बसते. ही काजळी खरखरीत असते, आणि सकाळी उठून तीवर कोरडे फडके मारले की रंगाला घासकागद लावल्यासारखेच होते. आमच्या मते आपल्याकडच्या निम्म्या रेषा खडीच्या नाहीत, फडक्याच्या आहेत!

यातले खडीचे टवके आणि पात्यांच्या रेषा फिल्म चांगल्या अडवते. पण बैलाचे शिंग लागले, ट्रॉलीचा कोपरा घासला, गोठ्याच्या खांबावर गाडी टेकली, तर पोचा पडायचा तो पडणारच. फिल्म म्हणजे चिलखत नव्हे. आणि समोरच्या काचेला तिचा उपयोग नाही, कारण ती रंगावर असते. तिथे ट्रॉलीपासून अंतर ठेवणे हाच इलाज.

हिशेब उसातच करू. 2025-26 च्या हंगामासाठी केंद्र सरकारने 10.25 टक्के उताऱ्याला टनास 3550 रुपये एफआरपी ठरवली. त्या दराने 70 हजारांची फिल्म म्हणजे सुमारे 20 टन ऊस, तोही तोडणी-वाहतूक वजा करण्यापूर्वीचा. एकरी 40 टन पिकवणाऱ्याचा अर्धा एकर गाडीच्या कातडीवर गेला. विक्रेता म्हणतो, "कर्जातच टाकू की, कळणार पण नाही." कळते. 70 हजार रुपये 9 टक्क्यांनी पाच वर्षांच्या कर्जात घातले तर हप्त्यात महिना साधारण 1450 रुपये वाढतात आणि व्याजापोटी 17 हजार वर जातात. तोवर फिल्मचे आयुष्यही उताराला लागलेले असते.

दुसऱ्या बाजूचाही हिशेब प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. एक दार किंवा बॉनेट पुन्हा रंगवायला गावच्या पेंटरकडे चार-पाच हजार लागतात. मग फिल्म कशाला, असे वाटेल. पण कारखान्यात रंग मोकळ्या सांगाड्यावर 140 अंशांच्या आसपास भाजला जातो. तयार गाडीत रबर, वायर, प्लॅस्टिक असल्यामुळे गॅरेजमध्ये तेवढी उष्णता देता येत नाही. रंगाची छटाही तंतोतंत जुळेलच असे नाही. जुनी गाडी घेणारा हल्ली जाडी मोजायचे यंत्र घेऊन येतो आणि रंगवलेला भाग लगेच ओळखतो. मग अपघात झाला होता का, इथून घासाघीस सुरू. किरकोळ ओरखड्यासाठी विम्याचा दावा करावा तर नो क्लेम बोनस जातो. हा बोनस पहिल्या दावारहित वर्षानंतर 20 टक्के आणि पाच वर्षांनंतर 50 टक्के असतो. म्हणजे मूळ रंगाला किंमत आहेच.

म्हणून आमचे सांगणे असे. ज्याची गाडी रोज पाणंदीतून आणि ट्रॉल्यांमागून जाते, रंग काळा किंवा गडद आहे आणि जो गाडी पाच-सात वर्षे ठेवणार आहे, त्याने फिल्मचा विचार जरूर करावा. पण सगळ्या गाडीला नव्हे. बॉनेट, पुढचा बंपर, पुढची मडगार्डे, आरसे, दारांचा खालचा भाग, दारांच्या कडा आणि हँडलमागची वाटी, एवढ्यावरच बहुतेक मार बसतो. छताला आणि डिकीला फिल्म लावून काय साधणार? अर्ध्याहून कमी खर्चात काम भागते. पांढरी गाडी असेल आणि ती बहुतेक डांबरी रस्त्यानेच जात असेल, तर तेवढेही नको. दोन-तीन वर्षांत गाडी बदलणाऱ्याने तर हा खर्च करूच नये. विकताना फिल्मचे पैसे वेगळे मिळत नाहीत.

घ्यायचीच ठरली तर शोरूममध्ये सही करण्याआधी बाहेर दोन ठिकाणी दर विचारावेत. स्वस्तात मिळते ती बहुधा पीव्हीसीची असते. आपल्या उन्हात ती लवकर पिवळी पडते आणि कडक होते. पांढऱ्या गाडीवर हा पिवळेपणा जास्तच उठून दिसतो. बिलावर कंपनीचे नाव, 'टीपीयू' हा शब्द, जाडी आणि रोलचा क्रमांक लिहून घ्यावा. हमी कशाची, हेही वाचावे. ती सहसा पिवळे पडणे, तडकणे, सुटणे यांची असते; खडीने फाटल्याची नसते. फिल्म यंत्रावर आधी कापून आणतात की गाडीवर ठेवून पात्याने कापतात, हे विचारावे. पाते रंगात उतरले तर ज्याच्यासाठी एवढा खटाटोप तेच गेले. काम बंद, धूळ नसलेल्या जागी व्हावे. झाडाखाली तंबू ठोकून करणाऱ्याला नमस्कार करून परत यावे.

आधी रंगवलेला भाग असेल तर तसे कारागिराला सांगावे, कारण पुढे फिल्म काढताना असा रंग तिच्याबरोबर निघून येऊ शकतो. पारदर्शक फिल्मने गाडीचा रंग बदलत नाही, त्यामुळे आरटीओची नोंद बदलावी लागत नाही. रंग बदलणारी फिल्म लावली तर मात्र मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंद करून घ्यावी लागते. काचेवरच्या काळ्या फिल्मला सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली मनाई केली होती. त्याचा या फिल्मशी संबंध नाही. विमा कंपनीला मात्र फिल्म लेखी कळवावी आणि अपघातात तिचे पैसे मिळतील का, तेही लेखीच विचारावे.

बसवल्यावर आठवडाभर गाडी धुऊ नये. आत राहिलेले पाण्याचे बारीक फुगे काही दिवसांत आपोआप जातात, ते टाचणीने फोडू नयेत. सर्व्हिसिंगला गाडी दिली की जोराचा फवारा फिल्मच्या कडेवर जवळून मारू नका म्हणून बजावावे, नाहीतर कड सुटते. आणि फिल्म बसवलेली असो वा नसो, काजळी आधी पाण्याने ओघळू द्यावी, मग साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या मऊ कापडाने पुसावे. कापड पिळायची बादली वेगळी ठेवावी. कोरडे फडके गोठ्यातच राहू द्यावे.